वीरांगनेची फिर्याद

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुटीसाठी मुंबईहून आमच्याकडे भोपाळला आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा चित्रकथांची पुस्तकेच अधिक होती. त्यांतील एक माझ्यापुढे धरून तिने विचारले, "माम, ही वंडर वूमन. पुस्तकातून हिचा सिनेमा झाला. आपल्याकडे अशी कोणी झाली का?" मी तत्काळ झाशीच्या राणीचे नाव घेतले. "ती तर खरी होती! मी सुपरहिरोइनचं विचारते आहे." प्रतिपक्षाने घेतलेली हरकत न्यायाधीशांनी जागच्या जागी मान्य करावी, तशी माझी अवस्था झाली. त्या दिवसांत काम हलके असल्यामुळे मी तो प्रश्न मनावर घेतला, आणि शोध घेता घेता पुन्हा झाशीलाच येऊन पोहोचलो.

वंडर वूमनचा जन्म १९४१ सालच्या अखेरीस अमेरिकेत झाला. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. परंतु हार्वर्ड विद्यापीठातून त्याने १९१८ साली कायद्याचीही पदवी घेतली होती, हे वाचून मला व्यवसायबंधू भेटल्याचा आनंद झाला. मनुष्य खोटे बोलू लागला की त्याचा रक्तदाब वाढतो, या तत्त्वावर त्याने असत्य ओळखण्याची एक कसोटी तयार केली होती. १९२३ साली फ्राय नामक आरोपीच्या खुनाच्या खटल्यात ती कसोटी पुराव्यात घेण्यास वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नकार दिला. शास्त्रज्ञांत तिला सर्वसाधारण मान्यता नाही, हे कारण दिले गेले, आणि तो निवाडा पुढे कित्येक दशके तेथील पुराव्याच्या कायद्यात प्रमाण ठरला. न्यायालयाने जे नाकारले ते मार्स्टनने अठरा वर्षांनी आपल्या नायिकेच्या कमरेला बांधले, असे मला वाटते. कारण तिचे खरे आयुध तलवार नव्हे, सोनेरी पाश होय. त्यात सापडलेल्याला प्रारंभी तिची आज्ञा पाळावी लागे. पुढे पुढे सत्य बोलावे लागू लागले.

आपल्या वाचकांना हे आयुध परके वाटण्याचे कारण नाही. म्हार्दोळच्या श्रीमहालसेच्या देवळातील पितळी घंटेची कथा गोमंतकात सर्वश्रुत आहे. त्या घंटेला एरवी लोलक नसे. कोणाला साक्ष द्यावयाची असेल तेव्हाच तो बसविला जाई, आणि घंटा वाजवून खोटे बोलणाऱ्यास देवी तीन दिवसांत शासन करते अशी श्रद्धा होती. पोर्तुगीज अमदानीत ही साक्ष न्यायालयातही ग्राह्य धरली जाई, असे सांगतात. हाती त्रिशूळ आणि तलवार असलेल्या देवीची जरब लोकांना वाटे ती मात्र घंटेची! खोट्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्यास या व्यवस्थेचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

आता पडद्याकडे वळू. वंडर वूमन दूरचित्रवाणीवर लिंडा कार्टर या नटीच्या रूपाने १९७५ पासून चार वर्षे गाजली. चित्रगृहासाठी तिच्या नावाचा स्वतंत्र चित्रपट मात्र पॅटी जेंकिन्स या दिग्दर्शिकेने २०१७ साली केला. आपल्याकडे क्रम उलटा पडला. येथे वीरांगना आधी पडद्यावर आली आणि चित्रकथेत मागाहून. १९३२ साली, प्रभात कंपनी कोल्हापुरात असताना, शांतारामबापूंनी 'माया मच्छिंद्र' काढला. त्यात स्त्रीराज्याची राणी झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे, गोमंतकातील लाड घराण्याच्या कन्या. राणीच्या दिमतीला चक्क एक चित्ता होता. वंडर वूमनचे स्त्रियांचे बेट कागदावर उतरण्यापूर्वी नऊ वर्षे आपल्या नाथकथेतील स्त्रीराज्य पडद्यावर येऊन गेले होते. तथापि, ते राज्य शेवटी माया ठरते. गोरखनाथाने गुरूला ज्यातून सोडवावयाचे असा तो एक मोह! १९३५ मध्ये वाडिया मूव्हिटोनची 'हंटरवाली' आली. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया तोंडावर मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन दुष्टांना लोळवी, आणि जोखमीच्या उड्या स्वतःच मारी. प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. भाचीच्या व्याख्येत नादिया चपखल बसते, हे मी कबूल करतो.

परंतु माझे मन रमते ते 'अमरज्योती'त. १९३६ सालचा हा प्रभातचा हिंदी बोलपट. दिग्दर्शक शांतारामबापूच आणि नायिका दुर्गाबाईच. राणी सौदामिनीला आपल्या तान्ह्या मुलाचा ताबा हवा आहे. न्यायमंत्री दुर्जय निर्णय देतो की स्त्री ही पतीची दासी होय. मुलावर तिचा हक्क नाही. तेव्हा सौदामिनी समुद्रावर जाते, चाच्यांची नायिका होते, राज्याचे जहाज लुटते, आणि हाती सापडलेल्या दुर्जयाचा पाय तोडविते. शिक्षेच्या प्रमाणाविषयी माझा मतभेद नोंदवून ठेवतो. पण पाहा, तिच्या हाती शस्त्र येते ते फिर्याद फेटाळली गेल्यावर. असा आरंभ पडद्यावरील वीरांगनेला क्वचितच लाभला आहे.

आणि ती फिर्याद काही पुराणकाळची नव्हती. चित्रपट निघाल्यावर वीस वर्षांनी, १९५६ साली, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम झाला. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा एवढे त्याने मान्य केले. नैसर्गिक पालक मात्र बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. या 'नंतर'चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असाच घेतला जाई. सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली त्याचा अर्थ बापाच्या 'अभावी' असाही होऊ शकतो असे ठरविले, तेव्हा कोठे बाप हयात असतानाही आईला पालक मानण्याची वाट मोकळी झाली. सौदामिनीचे अपील त्रेसष्ट वर्षे पडून होते म्हणा ना!

चित्रकथेचे युग आपल्याकडे १९६७ साली कारकळच्या अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू करून आणले. राणी दुर्गावती, चांदबिबी, अहिल्याबाई, उल्लाळची राणी अब्बक्का अशा कितीतरी स्त्रिया त्या पानांतून घरोघर गेल्या, आणि अर्थातच झाशीची राणीही. पण राणी त्याआधीच पडद्यावर येऊन गेली होती. सोहराब मोदींनी १९५३ मध्ये टेक्निकलर रंगांत, परदेशी छायालेखक आणवून, तिच्यावर मोठा खर्चाचा चित्रपट काढला. राणी झाल्या होत्या मेहताब. तो चालला नाही. पुढे २००९ पासून दूरचित्रवाणीवर मालिका झाली, २०१९ मध्ये 'मणिकर्णिका' आला. घोडा, पाठीशी बांधलेले मूल, दोन्ही हातांत तलवारी, ही आकृती पुस्तकातून पडद्यावर सहज जाते.

जे जात नाही ते असे. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेल्या दामोदररावांचा वारसा कंपनी सरकारने नाकारला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीने तलवार उचलली नाही; अर्ज केले. एवढेच नव्हे, तिने जॉन लँग या वकिलास सोनेरी कागदावर फारशीत पत्र लिहून झाशीस पाचारण केले. लाला ज्योतिप्रसाद या कंत्राटदाराच्या खटल्यात लँगने सरकारला नमविले होते, म्हणून त्याची कीर्ती. संध्याकाळी वाड्यात भेट झाली. राणी पडद्याआड होती. छोट्या दामोदरने तो पडदा एकाएकी बाजूला सारला आणि वकिलास पक्षकाराचे ओझरते दर्शन घडले. निवृत्तिवेतन तूर्त निषेध नोंदवून स्वीकारावे आणि विलायतेस दाद मागावी, असा लँगचा सल्ला होता. मीही तोच दिला असता. त्यावरच राणीने आपली झाशी आपण देणार नाही असे निक्षून सांगितले. ज्या उद्गाराला चित्रपट रणगर्जना म्हणून वाजवितात, त्याची ही नोंद लँगच्या प्रवासवर्णनातली आहे. तो वकिलाशी चाललेल्या सल्लामसलतीत निघाला होता! विलायतेकडे केलेली विनवणीही फेटाळली गेली. तलवार आली ती त्यानंतर तीन वर्षांनी.

येथे भोपाळमध्ये राहून याची आठवण अधिक बोचते. १८१९ साली नवाब नझर महंमद अकस्मात गोळी लागून मेला, तेव्हा त्याच्या तरुण विधवेने, कुदसिया बेगमेने, भर दरबारात आपली तान्ही मुलगी गादीची वारस म्हणून जाहीर केली आणि कारभार हाती घेतला. कंपनीने ते चालू दिले. मधला थोडा काळ वगळता १९२६ पर्यंत येथे बेगमांचेच राज्य राहिले. भोपाळात मुलगी चालली, झाशीत दत्तक मुलगा चालला नाही! आणि १८५७ मध्ये तीच मुलगी, सिकंदर बेगम, इंग्रजांच्या बाजूस राहिली. भोपाळ आणि झाशी एकाच लोहमार्गावर आहेत. या दोन विधवांची गाठ एका चित्रपटात घालून देणारा पटकथाकार मला अजून भेटावयाचा आहे.

सुटी संपण्यापूर्वी मी भाचीला झाशीचा किल्ला दाखविला. ऊन मी म्हणत होते. मार्गदर्शकाने बुरुजावरची ती प्रसिद्ध जागा दाखविली, जिथून राणीने मुलाला पाठीशी बांधून घोड्यासह उडी घेतली असे सांगतात. भाचीने खाली वाकून पाहिले, आणि विचारले, राणी वकिलाशी बोलली ती खोली कोठे आहे? त्या गृहस्थांना लँग ठाऊक नव्हता. त्यांनी आम्हांला पुन्हा एकदा उडीची जागा दाखविली.