मधली चित्रे कोणी काढली?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या आलापल्लीत मुले लाकडी नंदी घेऊन निघतात. गाव सागाच्या जंगलातले, त्यामुळे एखाद्या घरचा नंदी आजोबापासून नातवापर्यंत टिकतो. त्याला चाके असतात. दोरी ओढली की तो चालतो, पण मान काही हलवीत नाही. लहानपणी आम्हां मुलांची तक्रार हीच होती. निर्जीव वस्तू आपल्यादेखत हलावी, ही माणसाची हौस फार जुनी. आज ज्या विद्येविषयी बोलावयाचे आहे, म्हणजे संगणकावर मूर्ती घडवून तिच्याकडून चार हालचाली करवून घेण्याची विद्या, ती याच हौसेच्या पोटी आली. तिचा इतिहास सांगताना लोक यंत्रांची नावे सांगतात. मी कामगार चळवळीतला माणूस. ते काम कोणाच्या हातून झाले आणि ते मोजले कसे गेले, इकडे माझे लक्ष आधी जाते.

आपल्याकडे आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून करावा लागतो. फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाई अशा कितीतरी कला त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा; पण त्याआधी भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी एका कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचा लहानसा चित्रपट घेतला. कॅमेरा एका जागी ठेवावयाचा, रोप थोडे वाढले की एक फ्रेम घ्यावयाची, आणि मग सर्व फ्रेमा सलग दाखवावयाच्या. बी फुटून वेल झालेली पाहून पैसे देणाऱ्याची खात्री पटली.

ही गोष्ट सांगताना रोज एक फ्रेम, आणि तेही महिनाभर, असे सांगतात. मी शाळा फार शिकलो नाही, पण मजुरीचे हिशेब करीत आयुष्य गेले. त्या काळी सेकंदाला सुमारे सोळा फ्रेमा जात. महिन्याच्या तीस फ्रेमा म्हणजे दोन सेकंदसुद्धा भरत नाहीत. आणि चित्रपट तर मिनिटभराचा होता म्हणतात. एका मिनिटाला नऊशे साठ फ्रेमा लागतात. तेव्हा फाळके त्या रोपापाशी रोज एकदा नव्हे, पुष्कळ वेळा गेले असले पाहिजेत. आख्यायिका सांगणाऱ्याने मधल्या फेऱ्या गाळल्या. असे नेहमीच होते.

याच रीतीने त्यांनी १९१४-१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या टेबलावर मांडावयाच्या, एक काडी जराशी सरकवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा, एक फ्रेम घ्यावयाची. पुन्हा काडी सरकवावयाची. त्यांच्या लघुपटांत ‘विचित्र शिल्प’ हेही एक नाव सापडते. शिल्प हलले पाहिजे, हा विचार आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षांचा आहे, तो काही संगणकाबरोबर परदेशातून आलेला नाही. आणि फाळक्यांचे नाव घेताना सरस्वतीबाईंचे घेतले नाही तर हिशेब अपुरा राहतो. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, ती अंधारात धुणे, ही कामे त्या शिकल्या आणि घरचा स्वयंपाक सांभाळून त्यांनी ती केली. पडद्यावर मात्र त्यांचे नाव नाही.

फाळक्यांच्या मागून आलेले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हेही चित्रकार आणि मूर्तिकार. त्यांनी तर कॅमेराच हाताने बनविला. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मंडळींनी प्रभात काढली, आणि प्रभातने १९३४ च्या सुमारास ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्रपटाचे पुष्प दिले. पुढे १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवावयास आले होते. राम मोहन तेथलेच.

या कारखान्यांत कामाची एक वाटणी असे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. उस्ताद कलावंत मुख्य चित्रे काढी: हात वर, हात खाली. त्या दोहोंमधली दहाबारा चित्रे हाताखालचे लोक काढीत. पाहणारा ज्याला हालचाल म्हणतो ती सारी या मधल्या चित्रांत असते, आणि नाव मात्र पहिल्या व शेवटच्या चित्राला मिळते.

आता संगणक. १९९९ साली झेडब्रश नावाचे साधन पुढे आले. पडद्यावर मातीचा गोळा दिसतो. तो वस्तुतः हजारो, कधी लाखो बिंदूंचे जाळे असतो. हातातल्या लेखणीने दाबले की तेथले बिंदू आत जातात, ओढले की बाहेर येतात. एक कुंचला माती चढवितो, दुसरा चर पाडतो, तिसरा गुळगुळीत करतो. डावीकडे केले ते उजवीकडे आपोआप उमटावे अशीही सोय असते. नंदीची दोन शिंगे सारखी करताना सुताराला काय त्रास पडतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या सोयीची किंमत कळेल. परंतु ते साधन मालकाचे. आज ते महिन्याचे वा वर्षाचे भाडे भरून वापरावे लागते.

दुसरे साधन ब्लेंडर. त्याची हकीकत मला अधिक प्रिय आहे, आणि का ते आपल्या ध्यानात येईल. हॉलंडातील टोन रोझेंडाल यांची कंपनी २००२ साली बंद पडली. पैसे घातलेल्यांनी सांगितले, एक लाख युरो द्या, साधन सर्वांना मोकळे करतो. वापरणाऱ्यांनी जगभरातून वर्गणी काढली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी केली. ऑक्टोबर २००२ मध्ये ते मोकळे झाले. बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रे कामगारांनीच वर्गणी काढून सोडवून घेतली, असे उदाहरण आम्ही सभांतून शोधत असू. ते असे सापडले. आमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ साली आपला बांबू आपण विकला, तेव्हा झालेला आनंद याच जातीचा. ब्लेंडरमध्ये शिल्पकामाची सोय २००७ मध्ये आली. याच साधनावर केलेल्या ‘फ्लो’ या लाटवियन चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले.

साधन फुकट, म्हणून मीही एका तरुणाजवळ बसून नंदी घडविला. मान वर असलेला नंदी हे मूळ रूप. त्याची प्रत घेऊन मान खाली केलेले दुसरे रूप. मग एक पट्टी असते, शून्यापासून एकपर्यंत. ती सरकवली की मूर्ती पहिल्या रूपातून दुसऱ्या रूपात जाते. सेकंदाला चोवीस फ्रेमा धरल्या तर पहिली आणि शेवटची माझी, मधल्या बावीस यंत्राच्या. म्हणजे हाताखालच्या माणसांचे काम संगणकाने घेतले! मला तर गिरणीतला नवा माग आठवला.

पण नंदीने मान हलविली तेव्हा एक गंमत झाली. अर्ध्या वाटेवर त्याचे तोंड आखडून लहान झाले आणि खाली गेल्यावर पुन्हा मोठे झाले. त्या तरुणाने कारण सांगितले. मान गोलाईत वळते. यंत्र मात्र प्रत्येक बिंदूला या ठिकाणाहून त्या ठिकाणी सरळ रेषेत नेते. कमानीऐवजी तिची दोरी धरून गेल्यासारखे. उपाय दोन: मूर्तीच्या आत हाडांचा सांगाडा बसवून मान त्याभोवती फिरवावयाची, नाही तर अर्ध्या वाटेवर तिसरे रूप हाताने घडवावयाचे. आम्ही तिसरे घडविले. मग चौथेही लागले, कारण खरा बैल मान टाकताना आधी किंचित वर उचलतो. यंत्राने घेतलेले मधले काम असे मागच्या दाराने परत आले.

आता या कामाची मजुरी. तो तरुण गावातच बसून दूरच्या शहरातील एका मध्यस्थासाठी अशी लहान चलचित्रे करतो. दर सेकंदावर ठरलेला आहे. मला त्यात नवल वाटले नाही. आमच्याकडे तेंदूपत्ता असाच मोजतात, सत्तर पानांचे एक पुडके आणि शंभर पुडक्यांमागे दर. पाने शोधण्यात किती कोस चाललात हे कोणी विचारीत नाही, आणि फळीवर पुडके नापास झाले तर ते तुमचे. या मुलाचेही तसेच. चित्र पाठविले की सांगतात, मान जरा सावकाश करा, शिंग बारीक करा. चलचित्र आठ सेकंदांचे असते, दुरुस्तीनंतरही आठच सेकंदांचे राहते.

मी त्याला एक वही दिली आणि तीन रकाने आखून दिले: मुख्य रूपे, मधली रूपे, दुरुस्ती. रोजचे तास लिहावयाचे. वीज गेली तर तेही लिहावयाचे. महिन्याअखेर आम्ही बेरीज केली. पहिला रकाना सर्वांत लहान निघाला. तिसरा पहिल्या दोहोंच्या बेरजेहून मोठा होता. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. त्याने दोनदा बेरीज केली. मग त्या आकड्यांसह, दोनांहून अधिक दुरुस्त्यांना वेगळा दर असावा असे पत्र आम्ही मध्यस्थाला लिहिले. मसुदा माझा, टंकलेखन त्याचे. उत्तर यावयाचे आहे. दरम्यान तालुक्यात हे काम करणारी आणखी चार मुले निघाली, आणि त्यांनीही वह्या घातल्या आहेत.