साहेबाचा हिवाळी मुक्काम

वैशाखाच्या तोंडावर थंडीची गोष्ट काढणे जरा विसंगत दिसेल. तरी श्रोत्यांनी घटकाभर आमच्याबरोबर देशावरच्या एखाद्या आमराईत यावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कोणतेही साल घ्या, महिना मार्गशीर्ष. झाडांखाली पाच-सहा तंबू ठोकलेले आहेत. एका तंबूच्या दाराशी मडमसाहेब खुर्ची टाकून उन्हात बसल्या आहेत. दोन लहान मुले पाचोळ्यात लोळत आहेत, त्यांच्यामागे आया धावते आहे आणि एक ठेंगणा टेरिअर कुत्रा झाडावरच्या खारीकडे पाहून जिवाच्या आकांताने भुंकतो आहे. पलीकडे, जरा अंतरावर, कचेरीचा तंबू. त्याच्यापुढे पागोटी बांधलेली माणसे अर्ज घेऊन उकिडवी बसली आहेत. हा कलेक्टरसाहेबांचा थंडीतला मुक्काम.

ही काही नुसती सहल नव्हे. १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या मोजणीला आरंभ केला आणि शेताशेतावर सारा बसविण्याची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. हद्दीचे दगड जागच्या जागी आहेत की नाहीत, पीक बुडाल्याची तक्रार खरी की खोटी, विहिरीला पाणी किती, हे टेबलाशी बसून कळत नाही. म्हणून पाऊस संपून रस्ते वाळले की कलेक्टर आणि त्याचे असिस्टंट यांनी जिल्हा पायाखाली घालावा, असा शिरस्ताच होता. गावोगावची जमाबंदी याच दिवसांत तपासली जाई. आमच्या मते इंग्रजी राज्यपद्धतीतली ही एक चांगली चाल होती. ज्याच्या हाती जिल्ह्याची दोरी आहे त्याने वर्षातून काही महिने घोड्यावर बसून बांधाबांधाने हिंडावे, याला नावे कोण ठेवील?

पण साहेब एकटा हिंडत नसे. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, विलायतेचा प्रवास सोपा झाला आणि मडमांची संख्या वाढली. मग फिरतीवर अख्खा संसारच निघू लागला. पलंग, टेबले, चिनी मातीची भांडी, न्हाणीचे टब, कोंबड्यांच्या पाट्या, मुलांच्या दुधाची गाय, सगळे बरोबर. ज्यांना परवडे ते तंबूंचे दोन संच ठेवीत. एकात मंडळी झोपत, दुसरा रातोरात पुढच्या तळावर रवाना होई. सकाळी साहेब दहा-बारा मैल घोडदौड करून पोचला की तिथे तंबू उभा आणि न्याहारी तयार!

या मुक्कामात मुले दिसत ती बहुधा पाच-सहा वर्षांच्या आतली, आणि याचे कारण चटका लावणारे आहे. इथली हवा आणि इथली संगत मुलांना मानवत नाही अशा समजुतीने साहेबलोक त्यांना त्या वयाच्या सुमारास विलायतेस धाडीत. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. १८७१ मध्ये तो सहा वर्षांचाही झालेला नव्हता आणि धाकटी बहीण अवघी तीन वर्षांची होती. त्या दोघांना आईबापांनी इंग्लंडात परक्या घरी ठेवले. पाच वर्षांहून अधिक काळ ती तिथे राहिली आणि त्या दिवसांची कडू आठवण किपलिंगला जन्मभर पुरली. आईबापांनी मुलांना डोळे भरून पाहावे असे हिवाळे एकेका घरात चार-पाचच यायचे. शेकोटीभोवतीच्या त्या संध्याकाळी किती मोलाच्या असतील, हे सांगायला साहेबाची कड घेण्याची गरज नाही. १९७४ साली बीबीसीने हिंदुस्थानात राहून गेलेल्या इंग्रजांच्या आठवणी नभोवाणीवर ऐकविल्या. पुढल्या वर्षी त्यांचे ‘प्लेन टेल्स फ्रॉम द राज’ हे पुस्तक निघाले. त्यातही फिरतीचे दिवस येतात आणि पुष्कळ कौतुकाने येतात.

कुत्र्यांचा थाट तर निराळाच. बिबट्याला कुत्रे फार आवडते, तेव्हा रात्री त्यांना तंबूत बांधावे लागे. दिवसा त्यांच्या दिमतीला खास पोऱ्या असे. साताऱ्यास जन्मलेला आणि मुंबई इलाख्याच्या जकात-मीठ खात्यात नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकन मोठा विनोदी लेखक. त्याच्या १८८९ च्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकात कुत्र्याच्या पोऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. वाचताना हसू येते. मात्र त्या पोऱ्याचे वय किती आणि त्याची आई कुठे, हे विचारावेसेही वाटते.

आता आमराईकडे पुन्हा पाहू. शेकोटीचे लाकूड आणले कोणी? घोड्यांचे गवत कोणी कापले? रात्री तळाभोवती जागत कोण बसले? साहेबांचा तळ पडणार अशी वर्दी मामलेदार कचेरीतून आली की पाटील-कुळकर्ण्यांची तारांबळ उडे. अंडी, कोंबड्या, दूध, चारा यांची रसद गोळा व्हायची. गाड्या धरल्या जायच्या. आणि नेमके याच दिवसांत बाजरीची खळी चालू असत, मोटेला बैल हवे असत. लाकूडफाटा, ओझी, वाट दाखविणे, पहारा हे सारे महारांकडे. ते त्यांच्या वतनाचेच काम मानले जाई. सगळे साहेब फुकटे होते असे मुळीच नव्हे. पुष्कळजण दाम मोजून देत. परंतु साहेबाच्या हातून सुटलेला रुपया शिपाई, कारकून, पाटील अशा हातांतून खाली उतरताना किती झिजे, हे ज्याने कचेरीची पायरी चढली आहे त्याला सांगावयास नको.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. गोरे कामगार ऐषआरामात दंग असल्यामुळे त्यांना शेतकऱ्याची खरी हालत कळत नाही आणि ते खालच्या कारकुनांवर विसंबतात, हा त्यांचा मुख्य आरोप. जी फिरती शेतकऱ्याचे घर पाहण्यासाठी काढली, तिनेच साहेब आणि शेतकरी यांच्यामध्ये कनात उभी केली, असेच यावरून म्हणावे लागते.

ही तक्रार एकट्या महाराष्ट्राची नव्हती. हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊँ प्रांतात फिरतीवरच्या अंमलदारांची ओझी वाहण्याची सक्ती होती आणि कोणाची पाळी कधी याच्या गावोगाव वह्या होत्या. १९२१ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी त्या वह्या सरयू नदीत फेकून दिल्या.

आपल्याकडे वह्या नदीत गेल्या नाहीत. इथे लढाई कायद्याच्या कलमांवरून झाली. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचे एक गाऱ्हाणे आमच्या आजच्या विषयाच्या अगदी वर्मावर बोट ठेवणारे आहे. वतनदार महाराला रात्र नाही की दिवस नाही. आणि तो स्वतः हजर नसला तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला कामाला जुंपता येते. म्हणजे मुक्कामावर साहेबाचे कुटुंब होते, तसे महाराचेही कुटुंबच होते. एक शेकोटीच्या उजेडात बसलेले, दुसरे तिला लाकडे पुरविणारे.

ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. शेवटचा गोरा कलेक्टर तंबू गुंडाळून गेला, त्यालाही तोवर दहा वर्षे उलटून गेली होती.