हुरडा, आगटी आणि वाटा

ज्वारीचे ताट जमिनीतून वर आल्यापासून खळ्यावर रास पडेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला मराठवाड्यातील शेतकऱ्याने स्वतंत्र नाव दिलेले आहे. पीक पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते. दाणा चिकात भरतो, मग हुरड्यात येतो आणि अखेरीस टणक होतो. यांतील हुरड्याची अवस्था मोजक्या दिवसांची असते. दाण्यातले दूध घट्ट झालेले असते, परंतु त्यातल्या साखरेचे पुरते पीठ झालेले नसते. त्यामुळे दाणा गोड आणि मऊ लागतो. आणखी काही दिवस गेले की तोच दाणा जात्याच्या किंवा गिरणीच्या स्वाधीन होतो आणि मग त्याची भाकरी होते, पण हुरडा होत नाही.

आज 'हुरडा पार्टी' हा शब्दप्रयोग शहरी मराठीत रुळलेला आहे. चार मित्रांनी किंवा दोन-तीन कुटुंबांनी हिवाळ्यात शेतावर जायचे, विस्तवाभोवती बसायचे आणि गरम गरम खायचे, एवढा त्याचा अर्थ. इंग्रजीत ज्याला बार्बेक्यू म्हणतात त्याच्याशी या बैठकीची तुलना सहज सुचते. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला तो शब्दही मुळात विस्तवावर रचलेल्या लाकडी माच्याचा होता. परंतु बार्बेक्यूचा इतिहास मुख्यतः मांसाचा आहे, तर हुरड्याचा इतिहास धान्याचा आहे. धान्याचा इतिहास लिहू लागले की त्यात सारा येतो, राखण येते, मजुरी येते आणि कोणाला किती मिळाले हा प्रश्नही येतो. प्रस्तुत लेखात औसा आणि त्याच्या परिसराच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कृती पाहू. शेतात एक उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या रचतात आणि तुराट्यांच्या जाळावर त्या पेटवतात. जाळ ओसरून निखारे आणि गरम राख उरली की ती झाली आगटी. कोवळी कणसे या राखेत खुपसतात. वरचे कोंडे करपते आणि आतला दाणा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो. कणीस बाहेर काढून तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे पुढ्यात टाकायचे. सोबत तीळ, शेंगदाणे, कारळे किंवा जवसाची चटणी, लसणाचे तिखट, गूळ, दही, बोरे, उसाची कांडी. ताट-वाटीची गरज नाही, चुलीची नाही, मांडणीची नाही. घट्ट भाकरीवर ठेचा घेऊन बांधावर उभ्याने खाणाऱ्या माणसाला सँडविच नावाच्या इंग्रज उमरावाची कथा सांगायची गरज पडत नाही. भाकरी हेच त्याचे ताट असते. हुरड्यात तर तळहात हेच ताट. चोळणारा एक आणि खाणारे चार, ही या बैठकीची सर्वसाधारण रचना. आणि चोळणाऱ्याचा तळहात पोळतो, हे खाणाऱ्यांच्या फारसे लक्षात येत नाही.

कच्चे धान्य विस्तवावर भाजून खाण्याची रीत अर्थातच एकट्या मराठवाड्याची नाही. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या आयुर्वेदग्रंथात अर्धपक्व शेंगधान्य गवताच्या जाळावर भाजले की त्याला 'होलक' म्हणावे आणि गहू-जवाच्या अर्धपक्व लोंब्या तशाच भाजल्या की त्यांना 'उंबी' म्हणावे, असा भेद केलेला आहे. मराठीतील हरभऱ्याचा होळा किंवा हुळा आणि गव्हाची ओंबी हे शब्द या संज्ञांशेजारी ठेवून पाहिले की नाते लपत नाही. अरब प्रदेशांत हिरवा गहू जाळावर भाजून 'फ्रीके' करतात. बायबलच्या जुन्या करारात देवाला अर्पण करावयाच्या पहिल्या पिकात विस्तवावर भाजलेली हिरवी कणसे आहेत. त्याच ग्रंथातील रूथ ही परक्या देशातून आलेली विधवा कापणीनंतर शेतात गळलेली कणसे वेचते, म्हणजे आपल्या भाषेत सरवा वेचते, आणि शेतमालक बवाज तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसवून भाजलेले धान्य देतो. भाजलेले धान्य आणि सरवा हे दोन्ही एकाच प्रसंगात येतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ज्वारी ही इथली वाटत असली तरी मुळात इथली नव्हे. तिच्या लागवडीचे सर्वांत जुने पुरावे पूर्व सुदानमध्ये मिळालेले आहेत आणि ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोहोचली असे पुरातत्त्वज्ञ मानतात. हा भाग ज्या निजामशाहीच्या अमलाखाली होता, तिचा सतराव्या शतकाच्या आरंभीचा खरा कर्तबगार कारभारी मलिक अंबर. तोही आफ्रिकेच्या त्याच बाजूचा, इथिओपियाचा. माणूस आणि धान्य दोन्ही समुद्रापलीकडून आले आणि दख्खनी झाले. दख्खनच्या काळ्या मातीत ज्वारीने एक विशेष सवय लावून घेतली. पावसाळा संपता संपता पेरायचे आणि जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर, थंडीच्या दहिवरात वाढायचे. हुरडा निघतो तो या रब्बीच्या ज्वारीचा.

लातूरच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर असलेले औसा हे भुईकोट किल्ल्याचे गाव. बहमनी, निजामशाही, आदिलशाही अशा सत्तांच्या ओढाताणीतून गेलेला हा किल्ला १६३६ मध्ये उदगीरबरोबर मोगलांकडे गेला. पुढे हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे आला आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिला. किल्ल्यांच्या इतिहासात वेढे आणि तह येतात. भोवतालच्या शेतांचा उल्लेख क्वचितच येतो. उदगीरची प्रसिद्ध लढाई फेब्रुवारी १७६० मधली. सदाशिवरावभाऊंच्या फौजा आणि निजामाचे सैन्य याच उदगीर-औशाच्या टापूत एकमेकांभोवती फिरत होते. ते दिवस नेमके रब्बीची ज्वारी शेतात उभी असण्याचे. हजारो घोड्यांना वैरण लागते आणि उभे ताट ही सर्वांत हाताशी असलेली वैरण. या शेतांचे काय झाले असेल याचा अंदाज करण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. शिवाजी महाराजांनी १९ मे १६७३ रोजी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात रयतेच्या दाण्याला, गवताला, भाजीपाल्याला हात लावू नका असे बजावले आहे, आणि छावणीतल्या निष्काळजी विस्तवाने गंजी पेटतील अशीही चिंता व्यक्त केली आहे. असे पत्र लिहावे लागते याचा अर्थ सैन्याची एरवीची वागणूक याहून वेगळी होती.

शेतातला विस्तव हा केवळ खाण्यासाठी नसे. पाखरे, डुकरे, चोर यांच्यापासून उभे पीक राखायचे तर रात्री जागायचे आणि जागायचे तर शेकोटी हवी. तुकोबांच्या शेतराखणीवरील अभंगात सुगीला आलेले शेत आहे, चारी कोन सांभाळणारा राखणदार आहे, गोफण आहे आणि पेटवलेली आगटीही आहे. अभंग परमार्थाचा आहे हे खरेच. पण रूपक टिकते ते त्यातला व्यवहार अचूक असल्यामुळे. त्या अभंगाचा शेवट साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष पाहावा. राखलेले पीक खळ्यावर येते, खळ्यातील दानाने जग सुखी करायचे, सारा भरायचा आणि ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला द्यायचा, असा क्रम तेथे आहे. राखण, दान, सारा आणि वाटा हे चारही एका लहानशा रचनेत आलेले आहेत.

हुरड्याचे वेगळेपण याच चौकटीत स्पष्ट होते. सारा धान्याचा असो वा रोखीचा, त्याचा आधार वाळलेला, साठवता येणारा दाणा. उभ्या पिकाचा अंदाज करता येत असे, पण वसुली हुरड्याची करता येत नसे. हुरडा कोठारात राहत नाही, बाजाराच्या वाटेवर टिकत नाही, सावकाराच्या वहीत चढत नाही. म्हणून तो पिकातला असा हिस्सा ठरला की जो मोजणी होण्यापूर्वीच खाल्ला जातो. पाहुणे, शेजारी, मुले, राखणदार आणि पाखरे हे त्याचे वाटेकरी. पिकाचे मोजमाप सुरू होण्याआधी शेतकऱ्याला उदार होता येईल असे हे थोडे दिवस होते.

लातूर-धाराशिव पट्ट्यातील वेळ अमावास्या याच औदार्याला सणाचे रूप देते. मार्गशीर्ष अमावास्येला, लोकभाषेत येळवशीला, गावे ओस पडतात आणि शेते भरतात. शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते. अनेक शेंगभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर असा बेत असतो. ज्याला शेत आहे त्याने नसलेल्याला बोलवायचे, हा अलिखित नियम. जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करतात. सणाचे नाव आणि पूजेच्या वेळच्या आरोळ्या यांवर कानडीचा ठसा स्पष्ट आहे. औशाचा माणूस मराठीत बोलतो, पण त्याची ज्वारी बिदर-कलबुर्गीच्या पंचांगाशीही बांधलेली आहे.

मात्र येथेच थांबलो तर इतिहासाऐवजी आठवणींचे रंगकाम होईल. शेत असलेला बोलावतो, तेव्हा बोलावले जाणारे कोण असतात? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये सुगीच्या दिवसांत जनावरांच्या शेणातून न पचलेले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन त्यांचे पीठ करणारी आजी आहे. तो प्रदेश अक्कलकोटचा, औशापासून फार दूर नसलेला, आणि हंगाम तोच. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या जमातीवर इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला तिची भूक त्यात आहे. अशा माणसाने दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडले तर तिथे हुरडा होत नाही, चोरी होते. राखणदाराची आगटी कोणाला ऊब देत होती आणि कोणावर पहारा ठेवत होती, हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारले पाहिजेत. बवाजाने रूथला पंगतीत बसवले म्हणून ती कथा झाली; पंगतीबाहेर राहिलेल्यांची कथा मराठीत लिहिली जायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला.

त्याच उत्तरार्धात ज्वारीही बदलली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. उत्पन्न वाढले, पण हे पीक खरिपाचे. ते पावसात कापणीला येते, दाणा काळा पडतो, आणि थंडीतल्या आगटीशी त्याचा मेळ बसत नाही. 'हायब्रिड' हे विशेषण मराठीत बेचव या अर्थाने रूढ झाले ते या भाकरीमुळे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी रेशनवर आली, तेव्हा आफ्रिकेतून निघालेल्या या धान्याची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली असे म्हणता येईल.

पुढचा बदल अधिक खोल होता. लातूर जिल्ह्यात सोयाबीन पसरले. शंभरेक दिवसांत रोख पैसा, लातूरची बाजारपेठ आणि तेलगिरण्या हाताशी, आणि सोयाबीननंतर हरभरा घेता येतो. उलट ज्वारीला राखण लागते, ताटे उपटून काढायला मजूर लागतात, आणि रेशनच्या स्वस्त गहू-तांदळाने घरातली भाकरीही कमी झाली. यात एक दुष्टचक्र आहे. शिवारात शंभर शेते ज्वारीची असतात तेव्हा पाखरांचा वाटा शंभरांत विभागला जातो. एकच शेत उरले की सगळी पाखरे त्याच शेतावर उतरतात, आणि पुढच्या वर्षी तेही शेत सोयाबीन-हरभऱ्याकडे जाते. म्हणजे वाटेकरी जास्त झाल्याने ज्वारी गेली नाही, वाटा देणारे कमी झाल्याने गेली.

औसा तालुक्यातील किल्लारीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आला तो रब्बीच्या पेरणीच्या आठवड्यांत. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अनेक गावे नव्या जागी, सरळ रेषांत आखून वसवली गेली. घर आणि शेत यांतले अंतर बदलले की रात्रीच्या राखणीचे, शेजाऱ्याला हाक मारण्याचे गणितही बदलते.

आज हुरडा संपलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. गुळभेंडी, सुरती ही जुनी नावे आहेतच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी वसंत' अशी खास हुरड्याची वाणे दिली आहेत. कृषी पर्यटन केंद्रांवर माणशी दर आकारून हुरडा मिळतो आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर ज्वारीला शहरात प्रतिष्ठाही आली आहे. काही शेतकऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. चोळणाऱ्या हाताला मजुरी मिळत असेल तर ती जुन्या औदार्यापेक्षा न्याय्यच म्हणावी लागेल. फरक एवढाच की मोजणीपूर्वी खाल्ला जाणारा हिस्सा आता मोजूनच ताटात पडतो.

यात भाषेचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचा. पोटरी, निसवणे, चीक, सरवा, कोप, आगटी हे शब्द शब्दकोशात सुरक्षित आहेत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीतही हुरडा आहे. पण ज्या वर्गात तुकोबांचा तो अभंग शिकवला जाईल, तेथील मुलांनी सोयाबीनचीच शिवारे पाहिली असतील, तर आगटीला तळटीप द्यावी लागेल. ती देताना 'शेकोटी' एवढाच प्रतिशब्द देऊन भागणार नाही. तिच्याभोवती कोण बसत असे, कणसे कोण चोळत असे आणि बांधाच्या पलीकडे अंधारात कोण उभे असे, एवढे तरी त्या तळटिपेत यायला हवे.