फुलंब्रीच्या माळरानांतील औषधी वनस्पती

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री तालुक्याच्या माळांवर बेसॉल्टची उथळ, मुरमाड जमीन आढळते. अशा जमिनीवर पावसाळ्यात पवना, मारवेल, कुसळी या गवतांत विष्णुक्रांता, भुईआवळी उगवतात. झुडपांच्या आडोशाने शतावरी चढते. अतिचराईने मारवेलसारखी सकस गवते हटतात आणि गुरे टाळतात तो टाकळा फोफावतो. सराटा (गोखरू) तुडवलेल्या जमिनीतही तग धरतो. शतावरीला खरा धोका कुदळीचा: बी पिकण्याआधीच मुळ्या खणल्या, की पुढची रोपे येत नाहीत. नांगरटीत तर कंदमुळे समूळ जातात. म्हणून आळीपाळीने चराई आणि बी झडल्यावर गवतकापणी हितकर. माळाला पडीक समजून सरसकट झाडे लावणे मात्र घातकच. दाट सावलीत ही गवते टिकत नाहीत. गायरान असलेल्या माळांवरील अतिक्रमणे हटवण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाचा आधार आहे.