चंद्राचे वर्ष आणि पावसाळ्यातील वाट : कोकणी मुस्लिम समाजाच्या ईदनिमित्त गावी परतण्याचा इतिहास

प्रस्तावना

कोकणातील चाकरमान्यांच्या गावी येण्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. शिमगा, मे महिन्याची सुटी आणि गणेशोत्सव ही या लेखनाची नेहमीची स्थळे होत. मात्र त्याच बोटीने, त्याच एस.टी.ने आणि त्याच आगगाडीने ईदसाठी गावी येणाऱ्या कोकणी मुस्लिम चाकरमान्यांची नोंद त्यात क्वचितच आढळते. या उपेक्षेमागे केवळ अभ्यासकांची उदासीनता आहे, असे म्हणता येणार नाही. ईद ही ऋतूला बांधलेली नाही, हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. प्रस्तुत लेखात कालगणना, पावसाळा आणि वाहतूक या तिन्हींच्या संबंधातून या परतण्याचा विचार केला आहे.

समाज आणि स्थलांतर

कोकण किनाऱ्यावरील मुस्लिम वस्ती फार जुनी आहे. अरब प्रवासी अल् मसूदी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास चौल येथे आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुस्लिम राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. त्यांतील अनेक जण याच भूमीत जन्मलेले होते. राष्ट्रकूटांच्या काळातील, इ. स. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटातून संजाण प्रदेशाचा कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे सोपविला गेल्याचे कळते. व्यापार आणि नौकानयन यांतून वाढलेला हा समाज पंथाने शाफई, बोलीने मराठी-कोकणीच्या जवळचा आणि वस्तीने प्रामुख्याने बंदरांच्या व खाडीपट्ट्यांच्या आश्रयाने राहिलेला आहे.

मुंबईच्या वाढीबरोबर या समाजाचे पाय मुंबईकडे वळले. १८०२ मध्ये पूर्ण झालेली मुंबईची जामा मशीद ही कोकणी मुस्लिम व्यापाऱ्यांच्या तेथील प्रतिष्ठेची साक्ष आहे. पुढे आगबोटींवर खलाशी, तांडेल व सारंग म्हणून रत्नागिरी आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील माणसे जगभर गेली. काही कुटुंबांनी थेट केपटाउन गाठले. १९०६ च्या केप वसाहतीतील स्थलांतर कायद्यानुसार गावी जाण्यासाठी परवाना घ्यावा लागे आणि त्याची मुदत उलटल्यास परत प्रवेशाचा हक्क गमवावा लागे. म्हणजेच गावातील एका ईदची किंमत काही वेळा परदेशातील संपूर्ण उपजीविकेएवढी असू शकत होती. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांची वाट खुली झाली, तेव्हा रजेचा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

दोन कालगणना

हिंदू पंचांगातील महिनेही चांद्रच आहेत. परंतु अधिक मासाच्या योजनेमुळे ते ऋतूंशी जुळवून घेतले जातात. त्यामुळे गणेश चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच फिरते. भाताची लावणी आटोपलेली असते आणि कापणीस अवकाश असतो, अशा वेळी चाकरमानी गावी येतो. हिजरी वर्षात अधिक मास नाही. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. परिणामी ईदचा पाहुणा एखाद्या वर्षी लावणीच्या चिखलात, एखाद्या वर्षी कापणीच्या धामधुमीत, तर कधी उन्हाळ्याच्या निवांतपणात गावी पोहोचतो.

रमजान ईद जून ते ऑगस्ट या भर पावसाळ्यात येण्याची चार आवर्तने विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजवर झाली आहेत : १९१४ ते १९२१, १९४६ ते १९५४, १९७९ ते १९८६ आणि २०११ ते २०१९. ही चार आवर्तने कोकणच्या वाहतुकीच्या इतिहासाचे चार टप्पेही दाखवितात.

चार आवर्तने

पहिल्या आवर्तनात किनाऱ्याचा मुख्य आधार आगबोट होता. हर्णैसारख्या ठिकाणी बोट खोल समुद्रात नांगर टाकी आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. मग घाटमाथ्यावरून, कुंभार्ली वा आंबा घाट उतरून जाण्याचा लांबचा आणि खर्चाचा मार्ग तेवढा उरे. १९१४ ची ईद ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे युरोपात महायुद्ध पेटल्यानंतर तीनच आठवड्यांनी आली. जहाजांवर असलेल्या खलाशांच्या दृष्टीने पुढील वर्षांत पाऊस आणि युद्ध असे दुहेरी अडसर उभे होते.

दुसऱ्या आवर्तनाची खूण शोककारक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रमजान सुरू होण्यास तेव्हा अवघे दोन-तीन दिवस उरले होते. लांबचे मार्ग बंद असताना चालू राहणारा हा जवळचा मार्गही पावसाळ्यात किती जोखमीचा होता, हे या दुर्घटनेने दाखविले. त्या वर्षीची ईद १८ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या दिवशी आली. पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर राज्याची पहिली एस.टी. धावली. कोकणचा पावसाळी एकांत मोडण्याचे काम पुढे या सेवेनेच मोठ्या प्रमाणावर केले.

तिसऱ्या आवर्तनात, म्हणजे १९७९ नंतर, एस.टी. आणि आखातातील कमाई यांची गाठ पडली. गावी येण्याचा मार्ग बारमाही झाला. परंतु येणे हे आता मालकाने दिलेल्या रजेवर अवलंबून राहिले. चौथ्या आवर्तनापर्यंत कोकण रेल्वे (१९९८) आली होती. तथापि २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसाळ्यातच झालेल्या अपघातांनी या वाटेच्या मर्यादाही उघड केल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेला. रमजान ईदसाठी आलेल्यांना त्या पुलावरून परतून महिनाही झाला नव्हता.

सणाचे गावातील कार्य

गावी येण्याचे मोल केवळ भावनिक नाही. ईदच्या नमाजापूर्वी फित्रा द्यावा लागतो आणि अनेक जण जकातही रमजानातच काढतात. त्यामुळे शहरात वा परदेशात मिळविलेल्या धनाचा एक वाटा गावातील गरजूंपर्यंत पोहोचतो. ईदगाहातील नमाज, कब्रस्तानात पूर्वजांसाठी केलेली प्रार्थना, सांदण व शीरखुर्मा यांसह होणारी घरोघरची भेट, जमातीच्या कामांचा विचार आणि सोयरिकीची बोलणी हे सारे या काही दिवसांत होते. विखुरलेले गाव पुन्हा एकत्र येण्याची ही वेळ असते.

नियोजनाचा प्रश्न

रमजान ईदचा नेमका दिवस आदल्या संध्याकाळी चंद्रदर्शनानंतरच ठरतो. नियोजनकर्त्यांची अडचण बहुधा येथे सांगितली जाते. परंतु ही अनिश्चितता केवळ एका दिवसाची आहे. महिना आणि आठवडा अनेक वर्षे आधी सांगता येतो. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी बकरी ईद गणेशोत्सवाच्या दिवसांतच आली आणि दोन्ही सणांचे प्रवासी एकाच वाटेवर आले. २१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद झाली आणि दुसऱ्याच दिवशी चिपळूण व महाड पुराखाली गेले. सण केव्हा आहे हे ठाऊक असणे म्हणजे त्या दिवसांत गावांत अधिक माणसे असतील हेही ठाऊक असणे होय. आपत्ती व्यवस्थापनात या साध्या गोष्टीला स्थान मिळणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

गणेशोत्सवातील परतणे दरवर्षी त्याच ऋतूत घडते, म्हणून ते डोळ्यांत भरते, त्यासाठी जादा गाड्या सुटतात आणि त्याचे साहित्यही निर्माण होते. ईदचे परतणे ऋतूगणिक रूप बदलते, म्हणून ते प्रादेशिक इतिहासाच्या नजरेतून निसटते. वस्तुतः याच बदलत्या रूपामुळे ते इतिहासाचे अधिक सूक्ष्म साधन ठरते. प्रत्येक आवर्तनात रस्ता, बोट, रेल्वे, रजा आणि परवाना यांची परीक्षा त्यातून झालेली दिसते. सुमारे २०४४ मध्ये रमजान ईद पुन्हा ऑगस्टमध्ये येईल. त्या वेळी कोकणची वाट कशी असेल, हे आज सांगता येणार नाही. पण त्या वाटेवर कोण असतील, हे मात्र आजच माहीत आहे. चाकरमान्यांच्या इतिहासात त्यांची नोंद होण्यासाठी पाचव्या आवर्तनाची वाट पाहण्याचे कारण नाही.