प्रत मिळाली
चालू दाव्यात अर्ज दाखल करताना त्याची प्रत विरुद्ध पक्षाच्या वकिलास देण्याचा प्रघात आहे. तो वकील मूळ अर्जावर ‘प्रत मिळाली’ असा शेरा लिहून स्वाक्षरी व दिनांक घालतो. हा शेरा म्हणजे केवळ पोच. मजकुरास संमती नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३, नियम ५ नुसार वकिलावर बजावलेली आदेशिका, न्यायालयाचे अन्य निर्देश नसल्यास, पक्षकारास कळली असे गृहीत धरले जाते. शिवाय भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार, वकील नेमलेल्या प्रतिपक्षाशी वादविषयाबाबत परस्पर बोलणी करणे वर्ज्य आहे. त्यामुळे ऐन सुनावणीत प्रत हाती पडल्यास खरी कुचंबणा पक्षकाराची होते. म्हणणे मांडण्यास त्याला अवधीच उरत नाही. वेळेत दिलेली प्रत हे वकिलांमधील सौजन्य खरे, पण त्याचा लाभ पक्षकारास होतो.