साडेतीन तासांचा इतिहास

फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर लगेच मिळतं. हेलसिंकी ते टोकियोचं नारिता : सुमारे ७,८०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजावं, तसं हे अंतर काढतात. २०२२च्या सुरुवातीपर्यंत विमान ते साधारण साडेनऊ तासांत कापायचं. नंतर त्याच प्रवासाला जवळपास तेरा तास लागू लागले. शहरं जागेवरच आहेत, विमानंही मंदावलेली नाहीत. मग हे वाढलेले साडेतीन तास आले कुठून? मला ते इतिहासात सापडतात.

गोलावरची ती दोरी बहुतेक सगळी रशियावरून जाते, आणि गोम तिथेच आहे. १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा मालक असतो. शीतयुद्धाच्या काळात सायबेरियावरचं आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळजवळ बंदच होतं. त्यामुळे युरोपातून जपानला जाणारी बरीच विमानं अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन भरत.

एप्रिल १९८३मध्ये फिनएअरनं वेगळी वाट काढली. डीसी-१० विमानात जादा इंधनाची टाकी बसवली आणि थेट उत्तर ध्रुवावरून, मग बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून टोकियो गाठलं. पश्चिम युरोपातून न थांबता जपानला जाणारी ही पहिली विमानसेवा. वेळ, सुमारे तेरा तास. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्रही मिळे.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला, अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. नकाशावरची न दिसणारी रेघ किती खरी असते, हे तेव्हा जगाला कळलं.

पुढे सायबेरियाचं आकाश हळूहळू उघडलं. रशिया त्यासाठी विमान कंपन्यांकडून शुल्क घेई, पण वळसा वाचे. युरोप आणि आशियामधला जवळचा रस्ता म्हणून हेलसिंकीचा विमानतळ भरभराटला.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघानं रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानंही तेच उत्तर दिलं. फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालू लागली. ध्रुवाची प्रमाणपत्रंसुद्धा परत आली. मधल्या ३९ वर्षांत इंजिनं सुधारली, संगणक आले, आणि घड्याळ मात्र पुन्हा १९८३च्या तेरा तासांवर येऊन थांबलं.

आपल्यालाही हे परकं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेली विमानं अरबी समुद्रावरून लांबून जाऊ लागली. जादा इंधन, जादा धूर, महागडा प्रवास.

म्हणून तिकीट काढताना मी अंतर आणि वेळ दोन्ही बघतो. अंतर भूगोल ठरवतो. वेळ मात्र खालच्या देशांचं एकमेकांशी किती पटतं, त्यावर ठरते.